थंडरबर्ड अद्ययावत केल्यावर हरवलेले सामायिक कॅलेंडर परत कसे मिळवावे

बैठका, रजा आणि भेटीच्या वेळा सगळे सहकारी ज्या एकाच कॅलेंडरमध्ये नोंदवतात, ते कॅलेंडर थंडरबर्ड या ई-मेल व कॅलेंडरच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती बसवल्यानंतर डावीकडच्या यादीतून नाहीसे होते, किंवा त्याचे नाव दिसते पण शेजारी इशाऱ्याचा त्रिकोण येतो आणि महिनाभराचे चौकोन रिकामे दिसतात. हा लेख गूगलवर ठेवलेल्या आणि थंडरबर्डमधून वापरल्या जाणाऱ्या सामायिक कॅलेंडरविषयी आहे. अन्य सेवा वापरणाऱ्यांना मेनूंची नावे वेगळी दिसतील, परंतु तपासणीचा क्रम बहुतांशी हाच ठेवता येईल.

हे कॅलेंडर आपल्या संगणकात राहत नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. ते गूगलच्या सर्व्हरवर असते आणि थंडरबर्ड कॅलडॅव्ह या 2007 साली प्रमाणित झालेल्या पद्धतीने त्यातील नोंदी आणून दाखवतो व आपण केलेले बदल परत पाठवतो. त्यामुळे आवृत्ती बदलल्यावर सहसा तुटते ती जोडणी, नोंदी नव्हेत. म्हणून कारण कळेपर्यंत काहीही पुसू नये, थंडरबर्ड काढून पुन्हा बसवू नये आणि त्याच नावाचे दुसरे कॅलेंडर तर मुळीच तयार करू नये. आमच्याकडे एका सहकाऱ्याने सद्भावनेने असे दुसरे कॅलेंडर उघडले होते. आठवडाभर निम्मी मंडळी एकात आणि निम्मी दुसऱ्यात नोंदी करत राहिली. त्या जुळवण्यात जो वेळ गेला, त्याच्या तुलनेत मूळ दुरुस्ती किरकोळ होती.

पहिली पायरी ब्राउझरची. थंडरबर्ड बाजूला ठेवून ब्राउझरमध्ये गूगल कॅलेंडर उघडावे आणि ज्या खात्याला सामायिक कॅलेंडरचा प्रवेश दिलेला आहे, त्याच खात्याने आत आल्याची खात्री करावी. एकाच ब्राउझरमध्ये घरचे आणि कामाचे अशी दोन खाती उघडी असतील, तर इथेच गफलत होते. ‘अदर कॅलेंडर्स’ किंवा ‘माय कॅलेंडर्स’ या यादीत आपले कॅलेंडर आणि त्यातील नोंदी दिसल्या, तर दोष थंडरबर्डच्या बाजूला आहे आणि पुढची पायरी वगळून थेट प्रोफाइलच्या, म्हणजे थंडरबर्ड आपली खाती व सेटिंग्ज ज्या फोल्डरमध्ये ठेवतो त्याच्या, तपासणीकडे जावे.

ब्राउझरमध्येही कॅलेंडर दिसत नसेल, तर थंडरबर्डमध्ये कितीही खटपट केली तरी उपयोग होणार नाही. अशा वेळी कॅलेंडरच्या मालकाला त्याच्या सेटिंग्जमधील सामायिकीकरणाचा भाग उघडून आपला ई-मेल पत्ता तिथे आहे का आणि त्यापुढे कोणता अधिकार लिहिलेला आहे, हे पाहण्याची विनंती करावी. गूगलमध्ये अधिकारांच्या चार पायऱ्या असतात: फक्त व्यग्र की मोकळे एवढेच पाहणे, सर्व तपशील पाहणे, नोंदींत बदल करणे, आणि बदलांबरोबरच इतरांना प्रवेश देणे. संघातील ज्यांना नोंदी घालायच्या आहेत, त्यांना किमान तिसरी पायरी हवी. मालकाने पत्ता नव्याने जोडल्यावर ई-मेलने दुवा येतो. तो उघडून कॅलेंडर आपल्या यादीत घ्यावे लागते, आणि पुष्कळदा घोडे नेमके इथेच अडते. संस्थेचे खाते असेल, तर संस्थेबाहेरच्या व्यक्तींना कितपत दाखवायचे याची मर्यादा खात्याचा प्रशासक ठरवतो, आणि ती ओलांडणे मालकाच्याही हातात नसते.

आता प्रोफाइल. कॅलेंडरबरोबर ई-मेलची खातीही गायब झाली असतील आणि थंडरबर्ड एखाद्या कोऱ्या वहीसारखा उघडत असेल, तर नव्या आवृत्तीने जुने प्रोफाइल न उचलता नवे उघडले आहे, असे समजावे. आवृत्ती 68 पासून प्रत्येक इन्स्टॉलेशनला स्वतंत्र प्रोफाइल मिळते. त्यामुळे 32 बिटवरून 64 बिटवर जाताना किंवा वेगळ्या फोल्डरमध्ये बसवताना हा प्रकार घडू शकतो. ‘हेल्प’ मेनूतील ‘मोअर ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ हे पान उघडावे, त्यातून प्रोफाइलच्या यादीवर जावे आणि जुने प्रोफाइल चालू करून पाहावे. सर्व काही जागेवर दिसले, तर तेच ‘डिफॉल्ट’ म्हणून निश्चित करावे. इथे जुनी आवृत्ती पुन्हा बसवण्याचा मोह होतो, परंतु नव्या आवृत्तीने एकदा वापरलेले प्रोफाइल जुनी आवृत्ती सरळ उघडत नाही. पुढे जाण्यापूर्वी थंडरबर्ड बंद करून प्रोफाइलच्या संपूर्ण फोल्डरची प्रत अन्यत्र काढून ठेवावी.

खाती जागेवर असतील आणि केवळ कॅलेंडरच रुसलेले असेल, तर त्याच्या नावावर उजवे क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे. कॅलेंडर चालू ठेवण्याच्या पर्यायापुढील खूण निघालेली असेल, तर ती पुन्हा करावी. ‘रीड ओन्ली’ पुढे खूण असेल, तर ती काढावी. नावाशेजारचे डोळ्याचे चिन्ह बंद असेल, तर नोंदी केवळ लपलेल्या असतात, ही शक्यताही विसरू नये. कॅलेंडर पुरवणारे ॲड-ऑन (थंडरबर्डला वरून जोडलेला छोटा प्रोग्राम) सापडत नाही अशा आशयाचा संदेश तिथे आला, तर हे कॅलेंडर पूर्वी कोणीतरी वेगळ्या ॲड-ऑनच्या मदतीने जोडले होते आणि ते ॲड-ऑन आता नाही किंवा बंद आहे, असा अर्थ होतो. 2020 मध्ये आलेल्या आवृत्ती 78 ने जुन्या पद्धतीची ॲड-ऑन स्वीकारणे थांबवले. त्याच वेळी कॅलेंडर हा थंडरबर्डचा अंगभूत भाग झाला. आता गूगलसाठी वेगळ्या ॲड-ऑनची गरज राहिलेली नाही, त्यामुळे जुने शोधत बसण्यापेक्षा कॅलेंडर थेट कॅलडॅव्हने जोडणे अधिक टिकाऊ ठरते.

ती जोडणी करण्यापूर्वी परवानगी ताजी करून घ्यावी. गूगल कॅलडॅव्हसाठी केवळ पासवर्ड स्वीकारत नाही. त्यासाठी ओऑथ ही पद्धत लागते, म्हणजे गूगलची स्वतःची खिडकी उघडते, तिथे आपण आत येतो आणि थंडरबर्डला परवानगी देतो. जुनी परवानगी निकामी झाली असेल, तर ‘सेटिंग्ज’मधील ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ विभागात साठवलेल्या पासवर्डांची यादी उघडून तीतील गूगलच्या ओऑथची त्या खात्याची नोंद काढावी आणि थंडरबर्ड पुन्हा सुरू करावा. त्याच खात्याची ई-मेलसाठीही पुन्हा परवानगी मागितली जाईल, त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. ही खिडकी उघडून लगेच मिटत असेल किंवा कोरी राहत असेल, तर त्याच विभागात कुकीज स्वीकारण्याचा पर्याय चालू आहे का, हे पाहावे. हे कारण फार क्षुल्लक वाटते, म्हणूनच ते शेवटपर्यंत कोणी तपासत नाही.

यानंतरही कॅलेंडर चालत नसेल, तर ते यादीतून काढून नव्याने जोडावे. काढताना ‘अनसबस्क्राइब’ हाच पर्याय निवडावा, कारण त्याने फक्त आपल्या यादीतील नाव जाते. ‘डिलीट’ असा पर्याय समोर आला, तर हात आवरावा. विशेषतः ब्राउझरमध्ये कॅलेंडरच्या मालकाने ‘डिलीट’ दाबले, तर ते सगळ्यांसाठीच नष्ट होते. जोडण्यासाठी ‘न्यू कॅलेंडर’ निवडून ‘ऑन द नेटवर्क’ घ्यावे, वापरकर्त्याच्या नावाच्या रकान्यात आपला पूर्ण ई-मेल पत्ता लिहावा आणि ‘फाइंड कॅलेंडर्स’ दाबावे. गूगलच्या खिडकीत परवानगी दिल्यावर आपल्या खात्यातील कॅलेंडरांची यादी येते. त्यातून सामायिक कॅलेंडरवर खूण करून ‘सबस्क्राइब’ करावे. काहीजण या कटकटीतून सुटण्यासाठी गूगलच्या सेटिंग्जमधील ‘सीक्रेट ॲड्रेस’ चिकटवतात. त्याने नोंदी दिसतात खऱ्या, पण त्या वाटेने बदल करता येत नाहीत. शिवाय तो पत्ता ज्याच्या हाती जाईल त्याला संपूर्ण कॅलेंडर वाचता येते, म्हणून संघाच्या कामासाठी हा मार्ग मी सुचवणार नाही.

कॅलेंडर जोडले गेले, पण जुन्याच नोंदी दिसतात किंवा काही महिने अर्धवट येतात, असेही होते. प्रोफाइलमधील ‘कॅलेंडर-डेटा’ या फोल्डरमध्ये दोन महत्त्वाच्या फायली असतात. ‘कॅश’ नावाच्या फायलीत सर्व्हरवरून आणलेल्या नोंदींची प्रत असते, तर ‘लोकल’ नावाच्या फायलीत केवळ आपल्याच संगणकावर असलेल्या कॅलेंडरांच्या नोंदी असतात. थंडरबर्ड बंद करून पहिल्या फायलीचे नाव बदलावे, म्हणजे पुढच्या वेळी सर्व नोंदी सर्व्हरवरून नव्याने येतील. मात्र इंटरनेट नसताना केलेले आणि अजून वर न गेलेले बदल त्या फायलीतच असतात, ते आधी टिपून ठेवावेत. दुसऱ्या फायलीला हात लावू नये, कारण तिची प्रत सर्व्हरवर नसते.

शेवटी चाचणी. दोन दिवसांनंतरची ‘चाचणी, दुर्लक्ष करावे’ अशी एक नोंद करावी, ‘सिंक्रोनाइझ’ दाबावे आणि ती ब्राउझरमध्ये पोहोचली का, हे पाहावे. मग एखाद्या सहकाऱ्याला त्याच नोंदीची वेळ बदलायला सांगावे. बदल आपल्याकडे तत्काळ दिसला नाही, तरी लगेच निष्कर्ष काढू नये. थंडरबर्ड सर्वसाधारणपणे दर 30 मिनिटांनी ताज्या नोंदी आणतो. सकाळी साडेदहाची बैठक पहाटे पाच वाजता दिसत असेल, तर जोडणी ठीक असून फक्त कालविभाग चुकला आहे, असे जाणावे. भारतीय वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे असते आणि फरक नेमका तेवढाच दिसतो. कॅलेंडरच्या सेटिंग्जमध्ये ‘एशिया/कोलकाता’ निवडावे. परदेशात राहून याच संघात काम करणाऱ्या सहकाऱ्यांनी अर्थातच आपापल्या ठिकाणचा कालविभाग ठेवावा, बैठकीची वेळ त्यांच्याकडे आपोआप जुळते.

या गोंधळात कोणाच्या हातून नोंदी पुसल्या गेल्या असतील, तर ब्राउझरमधील गूगल कॅलेंडरच्या सेटिंग्ज मेनूत ‘ट्रॅश’ असते. त्या कॅलेंडरमध्ये बदल करण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीला पुसलेल्या नोंदी साधारण 30 दिवसांपर्यंत तिथून परत आणता येतात. सर्वांची जोडणी सुरळीत झाल्यावर चाचणीची नोंद काढून टाकावी.