‘आवाज खुला करून द्या’ म्हणण्याआधी

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे ठाण्यातल्या नौपाड्यात गाणं शिकणारी एक मुलगी तंबोरा घेऊन कारागिराकडे गेली. म्हणाली, “आवाज बसका झालाय, खुला करून द्या.” कारागिरांनी तिच्या सांगण्याप्रमाणे घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) घासून जवारी, म्हणजे तारेला झणकार देणारा घोडीचा माथा, खुली केली. घरी आणल्यावर तार छेडली की झणकार मोठा, पण आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, नाही. क्षणात आवाज तुटायचा. मूळ दोष जवारीत नव्हताच. जोडीच्या, म्हणजे एकाच सुरात लावलेल्या मधल्या, दोन्ही तारा गंजल्या होत्या. गंजलेल्या तारेतले वरचे स्वरांश (मूळ स्वरासोबत उमटणारे बारीक सूर) लवकर विझतात, आणि कानाला वाद्य बसल्यासारखं वाटतं.

म्हणून आधी स्वस्त, परत फिरवता येण्याजोग्या गोष्टी तपासा. घोडीवर तारेखाली ठेवलेला धागा, म्हणजे सूत, केसभर पुढे-मागे सरकवत खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची तार, छेडत राहा. एका जागी आवाज एकदम उमलतो आणि खर्जातून गंधार ऐकू येऊ लागतो. तो गंधार म्हणजे त्याच तारेचा पाचवा स्वरांश. तो कुठेच सापडला नाही तर तार बदला. घोडीला हात सगळ्यात शेवटी, कारण प्रत्येक घासणीत ती थोडी झिजतेच.

‘गोड’, ‘भारदस्त’, ‘मजा नाही’ हे शब्द आपली आवड सांगतात, दोष कुठे आहे ते सांगत नाहीत. आवाजाचे तीन भाग करून ऐका: सुरुवात, मधला टिकाव आणि शेपूट. वाद्य ओळखताना कान सुरुवातीवर फार विसंबतो. ध्वनिमुद्रणातला आघाताचा तुकडा कापला, तर ओळखीची वाद्यंही ऐकणाऱ्यांना एकमेकांसारखी वाटू लागतात. पेटीवाल्याला “आवाज चांगला नाही” सांगून काही उपयोग नाही. “मध्य सप्तकातला पंचम उशिरा बोलतो” म्हणा, तो थेट त्या सुराची पत्ती उघडून खाली कचरा अडकलाय का ते बघेल.

तबल्याची चूक वेगळी. ठाण्यातल्या जुलैच्या दमट हवेत पुडी (तबल्यावरचं कातडं) ओल धरते, सैल पडते, स्वर उतरतो. ‘तबला मेला’ म्हणून लोक हातोडी घेऊन पुडी ताणणारे लाकडी गठ्ठे ठोकत सुटतात आणि मग तोच तबला वातानुकूलित सभागृहात नेतात. कोरड्या हवेत कातडं आवळतं आणि आधीच ताणलेली पुडी फाटू शकते. चढवायचाच असेल तर वाजवण्यापुरता चढवा. शाईला, म्हणजे पुडीवरच्या काळ्या गोलाला, तडे गेले असतील, ढलप्या निघाल्या असतील, तर मात्र हातोडीने काहीच साधणार नाही. साध्या कातड्याच्या वाद्यातले स्वरांश एकमेकांशी जुळत नाहीत. ते जुळवण्याचं काम शाई करते. हे भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्येच दाखवून दिलं होतं. शाई गेली की तबला नुसता वाजतो, त्याचा ‘सा’ धरता येत नाही.

दोन वाद्यांची तुलना करताना स्वर आणि जोर सारखाच ठेवा. जे मोठ्याने वाजतं ते उजळ भासतं, आणि दुकानात आपण हमखास तिथेच फसतो. घोडबंदरच्या नव्या, पडदे नसलेल्या रिकाम्या फ्लॅटमध्ये तर कुठलंही वाद्य घुमतं; निकाल तिथे देऊ नका.

मोबाईलवर पाठवलेल्या तुकड्यावरही नाही. काळी एकच्या (पेटीची पहिली काळी पट्टी ‘सा’ धरून लावलेल्या) पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज साधारण 69 हर्ट्झवर असतो आणि मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरला तो पेलत नाही. वरच्या स्वरांशांवरून कान स्वर बरोबर ओळखतो, पण आवाजाचं अंग, त्याचा भरीवपणा, हरवलेलं असतं. मग चांगल्याभल्या तंबोऱ्याला आपण ‘पातळ’ म्हणून मोकळे होतो.

त्या मुलीने नंतर तारा बदलल्या, जवारी पुन्हा बसवून घेतली. या वर्षी तिने कारागिराला कळवलं ते असं: “छेडल्यावर ठीक, पण जोडीतल्या दुसऱ्या तारेचा आवाज लगेच तुटतो. पहिली आणि खर्ज उत्तम.” त्यांनी घोडी न घासता त्या एका तारेखालचं सूत बदलून दिलं.