सीडी-४ चा रिपोर्ट हातात आला की या चुका टाळा

पुण्यातल्या कुठल्याही एआरटी सेंटरच्या, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं देणाऱ्या केंद्राच्या, बाकावर थोडा वेळ बसा, सगळ्यात जास्त कानावर पडतो तो ‘काऊंट’. तुझा किती, माझा किती, मागच्या वेळेपेक्षा पडला की वाढला. काऊंट म्हणजे रक्तातल्या सीडी-४ पेशींची संख्या; प्रतिकारशक्तीच्या टी पेशींचाच हा एक प्रकार. एचआयव्ही फक्त टी पेशींची संख्या घटवतो असा समज पक्का बसलाय, आणि नंतरच्या बहुतेक चुका त्यातूनच होतात. हा विषाणू टी पेशींचं वागणंही बदलतो. त्यातलं बरंच काही त्या एका आकड्यात दिसतच नाही.

एका रिपोर्टवरून निष्कर्ष काढणं

रिपोर्ट नीट उघडून पाहा. त्यात सहसा दोन ओळी असतात: एक घन मिलिमीटर रक्तातल्या सीडी-४ पेशी, आणि एकूण लिम्फोसाइट पेशींमध्ये (पांढऱ्या पेशींचा एक गट, टी पेशी त्यातल्याच) त्यांचा टक्का. लोक पहिली ओळ वाचतात आणि कागदाची घडी घालतात. समजा, मार्चमध्ये तुमच्या लिम्फोसाइट २,००० होत्या, त्यांत सीडी-४ २६ टक्के. काऊंट आला ५२०. जुलैमध्ये तुम्ही तापातून उठलात, लिम्फोसाइट १,५०० वर आल्या, टक्का मात्र तोच, २६. आता काऊंट ३९०. घरी सगळ्यांचे चेहरे पडतात, पण टक्का जागच्या जागी आहे. म्हणजे एचआयव्हीने नवीन काही बिघडवलंय असं या रिपोर्टवरून म्हणता येत नाही.

निरोगी प्रौढात हा काऊंट साधारण ५०० ते १,५०० असतो आणि दिवसभरातही तो हलतो. सकाळी कमी, संध्याकाळी जास्त. स्टेरॉइड घेतलं, दुसरा एखादा संसर्ग झाला, तरी बदलतो. म्हणून शक्यतो एकाच लॅबमध्ये, साधारण एकाच वेळी रक्त द्या आणि आजारपणात तपासणी करू नका. लॅबचा माणूस घरी येऊन रक्त नेत असेल, तर जांभळ्या झाकणाची ती नळी बर्फात ठेवायची नसते, खोलीच्या तापमानालाच न्यायची असते. एवढं त्याला जरूर विचारा.

आणखी एक. सीडी-४ कमी आला म्हणजे एचआयव्ही आहे असं होत नाही. टीबीसारख्या आजारातही तो घसरतो. निदान एचआयव्हीच्या चाचण्यांनीच होतं, आणि ती चाचणी आयसीटीसी या सरकारी समुपदेशन व तपासणी केंद्रात मोफत आहे.

‘काऊंट चांगला आहे, मग गोळ्या कशाला?’

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

शरीरातल्या लिम्फोसाइटपैकी अगदी थोड्या रक्तात फिरत असतात. त्यांचा फार मोठा साठा आतड्याच्या अस्तरात असतो. एचआयव्ही पेशीत शिरतो तो तिच्या पृष्ठभागावरच्या सीडी-४ (याच रेणूवरून सीडी-४ पेशींना नाव मिळालं) आणि सीसीआर-५ या दोन रेणूंच्या आधाराने, आणि आतड्यातल्या स्मृती टी पेशींवर, म्हणजे जुने संसर्ग लक्षात ठेवणाऱ्या पेशींवर, हे दोन्ही भरपूर असतात. त्यामुळे लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच तिथला साठा उद्ध्वस्त होतो. तेव्हा रक्तातला काऊंट ६०० सुद्धा असू शकतो. आतड्याची भिंत राखणाऱ्या पेशी गेल्या की जिवाणूंचे तुकडे रक्तात झिरपू लागतात आणि सगळी प्रतिकारयंत्रणा कायम चेतलेली राहते. चेतलेल्या सीडी-४ पेशीत विषाणू आणखी सहज वाढतो. भरीला, ज्या सीडी-४ पेशी खास एचआयव्हीलाच ओळखणाऱ्या असतात, त्याच जास्त प्रमाणात त्याच्या तावडीत सापडतात.

२०१५ मध्ये स्टार्ट या मोठ्या चाचणीचा निकाल आला. काऊंट ५०० च्या वर असतानाच उपचार सुरू केलेल्यांमध्ये गंभीर आजार आणि मृत्यू निम्म्याहून कमी झाले. त्याआधी, २००६ मध्ये, काऊंट पाहून गोळ्या थांबवण्याचा प्रयोग अंगाशी आला होता. थांबवणाऱ्यांत मृत्यू वाढले. भारतात २०१७ पासून काऊंट कितीही असला तरी उपचार सुरू करतात, ते याच कारणाने. आणि आपल्या भोसरीची ‘नारी’ ही एड्स संशोधन संस्था ज्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात सहभागी होती, त्याने २०११ मध्ये दाखवून दिलं की लवकर उपचार घेतल्याने जोडीदाराला होणारी लागणही जवळपास थांबते.

सीडी-८ जास्त म्हणजे ताकद जास्त असं समजणं

सीडी-८ या मारक पेशी. एचआयव्हीत त्यांची संख्या बरेचदा वाढते. लोकांना बरं वाटतं. पण वर्षानुवर्षं समोर विषाणू दिसत राहिला की या पेशी थकतात. त्यांच्यावर पीडी-१ नावाचा ब्रेक वाढतो, आणि विषाणू ओळखूनही त्या त्याला नीट मारू शकत नाहीत. लक्ष्मी रस्त्यावर विसर्जनाच्या बंदोबस्ताला उभ्या राहिलेल्या पोलिसाला दुसऱ्या दिवशीही कुणी सुटी दिली नाही, तर तो जागेवर दिसतो खरा, पण त्याच्यात त्राण उरत नाही. तसंच हे. म्हणून रिपोर्टमध्ये सीडी-४ आणि सीडी-८ यांचं गुणोत्तर दिलं असेल तर ते पाहा. निरोगी माणसात ते सहसा १ च्या वर असतं. एचआयव्हीत उलटं होतं आणि उपचारानंतरही सावकाश सुधारतं.

काऊंट वाढवायच्या मागे लागणं

गुळवेलीचे काढे, ‘इम्युनिटी’च्या पावडरी, नातेवाइकांनी दिलेली चूर्णं. माया खरी असते, ती मी नाकारत नाही. पण इथे प्रतिकारशक्ती झोपलेली नाही, ती नको तितकी चेतलेली आहे. शिवाय आकडा वाढला म्हणजे माणूस सुरक्षित झाला असंही नाही. एआरटीबरोबर इंटरल्यूकिन-२ या टी पेशी वाढवणाऱ्या प्रथिनाची इंजेक्शनं देऊन पाहिलेल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल २००९ मध्ये आले: काऊंट चांगला वाढला, आजार आणि मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. काही घ्यायचंच असेल तर सेंटरच्या डॉक्टरांना सांगून घ्या. साध्या दिसणाऱ्या गोळ्याही अडथळा आणतात. डॉल्यूटेग्रॅव्हिर हे एचआयव्हीवरचं औषध असलेली गोळी आणि अँटासिड एकत्र घेतलं तर औषध अंगी लागत नाही. गोळी अँटासिडच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनी घ्यायची. लोह, कॅल्शियम चालू असेल तर तेही विचारून घ्या.

व्हायरल लोड ‘नाही’ आला म्हणून थांबणं

व्हायरल लोड म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण. ते तपासणीत दिसलं नाही, तरी विषाणू काही सीडी-४ स्मृती पेशींच्या जनुकांत शांत पडून राहतो. त्या पेशी वर्षानुवर्षं जगतात, आणि औषध फक्त वाढणाऱ्या विषाणूला अडवतं. गोळ्या बंद केल्या की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांतच लोड परत दिसू लागतो. गावी जाताना, पालखीला निघताना महिन्याचा डबा बरोबर घ्या.

टीबीच्या बाबतीत दोन गैरसमज

मँटू या टीबीच्या त्वचा-चाचणीत हातावर जी गाठ उठते, ती टी पेशीच उठवतात. काऊंट फार खाली असेल तर टीबीची लागण असूनही हात सपाट राहू शकतो. ‘मँटू निगेटिव्ह, म्हणजे टीबी नाही’ असं मानून खोकला, ताप, घटतं वजन अंगावर काढू नका; थुंकीची तपासणी मागा.

दुसरा गैरसमज याच्या बरोबर उलटा. एआरटी सुरू होऊन काही आठवडे होतात, विषाणू खाली येतो, आणि अचानक ताप भरतो, मानेतल्या गाठी सुजतात. घरचे म्हणतात, ‘गोळ्या मानवल्या नाहीत, बंद कर.’ बऱ्याचदा घडतं असं की परत आलेल्या टी पेशी आत दडलेल्या टीबीला पहिल्यांदाच जोराने ओळखतात आणि त्या झटापटीत सूज येते. ही प्रतिक्रिया डॉक्टरांना माहीत असते, तिच्यावर इलाज आहे, आणि त्यासाठी एआरटी सहसा थांबवावी लागत नाही. मनाने गोळ्या बंद केल्या तर टीबी आणि एचआयव्ही दोन्ही हाताबाहेर जातात. त्याच दिवशी सेंटर गाठा. तारीख दिलेली नसली तरी जा. सेंटर बंद असेल आणि काय करावं सुचत नसेल तर १०९७ या एड्स हेल्पलाइनच्या मोफत क्रमांकावर फोन करा. दम लागत असेल, डोकं असह्य दुखत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर मात्र फोन करत बसू नका, थेट इमर्जन्सीला न्या आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या बरोबर घ्या.