मॅनर हाऊसशेजारी खोदकाम काढताय? या चुका टाळा

इंग्लंडमध्ये जुन्या मॅनर हाऊसच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या घराच्या, आवारात किंवा शेजारी बांधकाम निघालं की परवानगीच्या कागदावर बरेचदा एक अट असते: खोदकाम चालू असताना पुरातत्त्वज्ञ साईटवर हजर हवा. इथे याला वॉचिंग ब्रीफ म्हणतात. अंगात पिवळं जॅकेट, हातात गवंड्याची छोटी थापी आणि नजर जेसीबीच्या बकेटकडे, अशी उभी असलेली ती व्यक्ती गेली कित्येक वर्षं मी असते. शिक्षण पुण्याचं, डेक्कन कॉलेजचं. त्यामुळे ओळखीतल्या मराठी मंडळींचे फोन येतात. कुणी गावाकडे जुनं घर घेतलेलं असतं, कुणी सिव्हिल इंजिनिअर म्हणून साईट सांभाळत असतं. फोन येतो तो मात्र यंत्र दारात येऊन उभं राहिल्यावर, सकाळी साडेसातला.

जुनं काही सापडल्यामुळे काम अडलेलं मी फार कमी वेळा पाहिलंय. अडतं ते आम्हाला उशिरा कळवल्यामुळे. खालच्या बहुतेक चुका त्यातूनच निघतात.

"किती मीटर सोडायचे?"

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न हाच. आपल्याकडे केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटर निषिद्ध आणि त्यापुढचे 200 मीटर नियंत्रित, हे 2010 च्या दुरुस्तीने कायद्यातच लिहून ठेवलंय. शनिवारवाड्याच्या आसपास घर असलेल्यांना ही फूटपट्टी पाठ असते. इंग्लंडमध्ये अशी सरसकट फूटपट्टी नाही. इथे काउन्सिलचा, म्हणजे स्थानिक पालिकेचा, पुरातत्त्व अधिकारी त्या भागाची नोंदवही उघडतो. आजवर शेजारीपाजारी काय सापडलं, जुने नकाशे काय दाखवतात, हे त्यात असतं. त्यावरून जमिनीखाली काय असू शकेल याचा अंदाज बांधून तो अट घालतो. म्हणून मॅनर हाऊसपासून पार लांबच्या कुरणातल्या गॅरेजलाही अट लागू शकते, आणि घराला खेटून असलेली जागा गेल्या शतकात तळघरासाठी खणून गेली असेल तर कदाचित लागणार नाही.

मॅनर हाऊस म्हणजे काय हे आपल्या माणसाला सांगताना मी गढी म्हणते. देशमुखांची गढी आठवा: मधे वाडा, भोवती धान्याची कोठारं, गोठे, विहीर, बाहेर वस्ती. इथेही तसंच. आज उभं दिसतं ते शेवटचं घर. त्याआधीचं घर कदाचित बाजूच्या हिरवळीखाली आहे. स्वयंपाकघर आगीच्या भीतीने वेगळं बांधलेलं असायचं. माशांची तळी, कबुतरखाना, छोटं चॅपेल म्हणजे घरचं प्रार्थनास्थळ, सगळं आवारात. आणि खंदक. इंग्लंडमध्ये खंदकाने वेढलेल्या अशा सुमारे 6,000 जागा माहीत आहेत, त्यांतल्या बहुतेक 1250 ते 1350 या काळातल्या. कितीतरी खंदक बुजलेले आहेत, वरून नुसता हलका खोलगटपणा दिसतो. तिथे पाया घ्यायला निघालेल्या इंजिनिअरला मी पुरातत्त्वाआधी बांधकामाचीच भीती घालते: खाली गाळ आहे, तुमचा कोपरा खचेल. हे मात्र लगेच पटतं.

अट अर्धीच वाचणं

अटीची सुरुवात साधारणपणे अशी असते: अमुक मंजूर होईपर्यंत कोणतंही काम सुरू करू नये. हे अमुक म्हणजे कामाचा लेखी आराखडा. कुठलं खोदकाम कुणाच्या देखरेखीखाली होणार, काही निघालं तर काय करायचं, वस्तू शेवटी कुठे जाणार, हे सगळं त्यात असतं. तो आम्ही लिहितो, काउन्सिल मंजूर करते. यात काही आठवडे सहज जातात. लोक अटीतलं "पुरातत्त्वज्ञ हजर" एवढंच वाचतात आणि सोमवारी कुणाला तरी आणून उभं करू म्हणतात. मी सोमवारी येऊन उभी राहिले तरी आराखड्याला मंजुरी नसेल तर ते खोदकाम बेकायदाच. परवानगीला सहसा तीन वर्षांची मुदत असते. अट न पाळता केलेली सुरुवात ही सुरुवातच धरली गेली नाही आणि मधे मुदत संपली, तर परवानगीच हातची जाऊ शकते.

पैसे कोण देणार? तुम्ही. 1989 मध्ये लंडनच्या साउथवर्कमध्ये एका कार्यालयी इमारतीच्या पायात रोझ नाट्यगृहाचे अवशेष निघाले. शेक्सपिअरच्या काळातलं नाट्यगृह, त्यामुळे नट रस्त्यावर उतरले, खूप गाजलं. पुढच्याच वर्षी, 1990 मध्ये, सरकारने नियोजनाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पुरातत्त्वाचा विचार परवानगीच्या वेळीच करायला सांगितलं, आणि जो जमीन हलवतो त्याने नोंदीचा खर्च उचलायचा ही पद्धत रुजली. तेव्हा या रकमेवर घासाघीस करण्यापेक्षा ती पहिल्याच अंदाजपत्रकात धरा. कॉन्ट्रॅक्टरच्या करारातही लिहून ठेवा की पुरातत्त्वासाठी यंत्र थांबलं तर त्या तासांचं भाडं कोण देणार. जिथे हे लिहिलेलं नसतं तिथे ऑपरेटर, मालक आणि मी असे तिघं पावसात उभे राहून एकमेकांची तोंडं बघतो.

लिस्टेड (सरकारच्या वारसा यादीतल्या) इमारतीची परवानगी, संरक्षित स्मारकाची संमती आणि नियोजनाची परवानगी हे तीन वेगळे कागद आहेत. एक मिळाला म्हणजे बाकीचे आले, असं नाही. छोट्या कामाला नियोजनाची परवानगी लागत नसली तरी 1979 च्या स्मारक कायद्याखालची संमती लागू शकते, आणि ती न घेता खणणं हा गुन्हा आहे. आवारातली जुनी भिंत किंवा तबेला 1 जुलै 1948 पूर्वीपासून मुख्य लिस्टेड घराचा भाग असेल, तर त्यालाही सहसा तेच संरक्षण मिळतं. "ती तर पडकी भिंत होती" हे कारण चालत नाही.

दातेरी बकेट

सगळ्यात साधी आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक. यंत्र मागवताना बकेट कुठलं हे कुणी सांगत नाही, मग दाते असलेलं येतं. जेसीबी म्हणा, पोकलेन म्हणा (आपण दोन्ही कंपन्यांची नावं यंत्रांनाच देऊन टाकली), आम्हाला हवं असतं रुंद, सपाट धारेचं, बिनदातांचं बकेट. दात्यांनी जमिनीवर नांगरट होते. सपाट धारेने माती सोलली जाते आणि खालचा पृष्ठभाग गुळगुळीत मिळतो.

गुळगुळीत कशाला? कारण आम्ही वस्तू शोधत नसतो, रंग वाचत असतो. लाकडी खांब कुजून गेला तरी त्याच्या जागी गडद मातीचा गोल डाग उरतो. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 अशी वर्षानुवर्षं खणताना ताम्रपाषाणयुगातल्या गोल झोपड्यांचे खांब अशाच डागांवरून ओळखले. इथे केंटच्या चिखलात मध्ययुगीन कोठाराचे खांबही तसेच ओळखतात. तेव्हा एका वेळी पाच-दहा सेंटिमीटरचाच थर काढायचा, आणि यंत्र मागे मागे सरकत राहायचं, सोललेल्या जागेवर त्याची चाकं फिरवायची नाहीत. ऊन पडलं की चिकणमाती सुकते आणि डाग डोळ्यांदेखत फिकट होतात. म्हणून मी "जरा थांबा" म्हणते तेव्हा ते तेव्हाच हवं असतं, चहानंतर नाही.

यातलं सगळ्यात फसवं प्रकरण म्हणजे दगड उपसून नेलेला चर. जुनं घर पाडल्यावर पायातले चांगले दगड लोक दुसरीकडे वापरतात. आपल्याकडच्या वाड्यांचं हेच झालंय. उरलेल्या चरात चुन्याचे तुकडे, फुटक्या विटा, कौलं ढकलून देतात. आज तो पट्टा दिसतो निव्वळ राडारोडा. ऑपरेटर चांगल्या मनाने म्हणतो, "घाण आहे, काढून टाकतो." आणि दोन बकेटमध्ये गेलेल्या घराची भिंतच नाहीशी होते. भिंत नव्हतीच तिथे, तिचा साचा होता. पण आमच्यासाठी साचा पुरेसा असतो. पहिल्या दिवशी ऑपरेटरशी दहा मिनिटं बोलून त्याला असा पट्टा दाखवून ठेवला की पुढे तोच मला हाक मारतो. चांगल्या ऑपरेटरची नजर माझ्यापेक्षा तेज असते, हे मी कुठल्याही बैठकीत कबूल करीन.

छोटे चर, मोठा घोळ

पायासाठी मला बोलावतात. ड्रेनेजची लाईन, विजेची केबल, शोषखड्डा, बागेतली फरसबंदी, कामगारांच्या केबिनसाठी साफ केलेली जागा, ट्रकसाठीचा तात्पुरता रस्ता: हे कुणाच्या डोक्यातच नसतं. आणि घराच्या आवारातून आरपार जातो तो ड्रेनेजचाच चर. घर गरम ठेवणाऱ्या हीट पंपासाठी जमिनीत नळ्या टाकणार असाल तर ते खोदकाम पायाच्या कितीतरी पट असतं. अशा सगळ्या लाईनींचा नकाशा आराखडा लिहायच्या आधी द्या. विटांची जुनी भूमिगत नाली लागली तर ती फोडू नका. ती अजून वाहती असते, आणि फुटल्यावर पाणी जातं मालकाच्या तळघरात.

खिशात जाणाऱ्या वस्तू

निळ्या नक्षीच्या बशीचा तुकडा, पांढऱ्या मातीच्या चिलमीची नळी, शिंपला. कामगार उचलतो, मुलांना दाखवायला नेतो. वाईट हेतू नसतो. पण कुठल्या थरातून निघालं हे गेलं की त्या तुकड्यावरून थराचा काळ सांगता येत नाही. एक बादली ठेवा आणि सांगा: यात टाका, कुठून काढलं ते मला दाखवा.

सोन्याचांदीचं निघालं तर वेगळा कायदा आहे. 1996 च्या ट्रेझर कायद्याप्रमाणे 300 वर्षांहून जुनी आणि किमान 10 टक्के सोनं किंवा चांदी असलेली वस्तू सापडल्यापासून 14 दिवसांत कॉरोनरला (संशयास्पद मृत्यू आणि सापडलेला खजिना यांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला) कळवावी लागते. एकटं नाणं सहसा यात येत नाही. फोटो लगेच व्हॉट्सॲपवर टाकू नका, रात्री मेटल डिटेक्टरवाले कुंपणावरून येतात.

हाडं निघाली तर घाबरू नका. मॅनर हाऊसशेजारी निघणारी बहुतेक हाडं जेवणातली असतात, गाय, मेंढी, डुक्कर. पण ओळखायचं काम आमचं. माणसाचं असेल तर तिथेच थांबायचं, झाकून ठेवायचं, पोलीस आणि कॉरोनरला कळवायचं. जुनं दफन हलवायला 1857 च्या कायद्याखाली न्याय मंत्रालयाचं लायसन्स लागतं. चॅपेल असलेल्या आवारात ही शक्यता आराखड्यातच धरतात.

खंदकातला गाळ लागला तर उलट घाई हवी. पाण्याखाली हवा पोचत नाही म्हणून लाकूड, चामडं, बिया शतकानुशतकं टिकतात, आणि उघड्यावर आल्यावर सुकून चिरा पडतात. ओलं ते ओलंच ठेवायचं. आम्ही साधारण 40 लिटर गाळ बादल्यांत भरून नेतो. तो पाहून एका मालकांनी विचारलं होतं, "हे पण म्युझियमला?"

जमिनीखाली लक्ष, माळ्याच्या फळ्यांकडे दुर्लक्ष

नॉरफोकमधलं ऑक्सबर्ग हॉल हे 1482 च्या सुमारास उभारलेलं खंदकवालं घर. 2020 मध्ये छताची दुरुस्ती चालू असताना माळ्यावरच्या फळ्या उचलल्या आणि खालचा कचरा पुरातत्त्वज्ञाने हाताने चाळला. उंदरांच्या घरट्यांत ट्यूडर राजघराण्याच्या काळातल्या उंची कापडाचे तुकडे, हस्तलिखितांचे कपटे. बांधकाम कामगाराच्या नजरेस पडलेलं पंधराव्या शतकातलं चर्मपत्राचं पान, त्यावर लॅटिन स्तोत्र. आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला चॉकलेटचा रिकामा डबा, वेष्टनांसकट. हे सगळं व्हॅक्यूम क्लिनरने एका दुपारी साफ झालं असतं. तेव्हा फळ्या उचलायच्या असतील तर तेही काम आराखड्यात घाला.

खणून झालंय, आता?

हा फोन सगळ्यात अवघड. थांबा, आणि चर बुजवू नका. घाईने काँक्रीट ओतलं की सांगण्यासारखं काही उरत नाही. काउन्सिलच्या अधिकाऱ्याला तुम्हीच आधी फोन करा. शेजाऱ्याने केला तर सूर वेगळा लागतो. चराच्या उभ्या बाजू शाबूत असतात, त्या थापीने खरवडून आम्ही थर मोजू शकतो, फोटो घेऊ शकतो. उपसलेल्या मातीचा ढीग तसाच ठेवा, तो चाळता येतो. खोल, आधार न दिलेल्या चरात मात्र मी उतरणार नाही, कितीही घाई असली तरी.

देखरेख संपली म्हणजे अटही संपली, असंही धरू नका. अहवाल काउन्सिलकडे पोचून वस्तू आणि नोंदी संग्रहालयात जमा करायची व्यवस्था झाली की ती सुटते, आणि संग्रहालयं खोक्यामागे शुल्क घेतात. काहीच सापडलं नाही तरी अहवाल लागतो. मागे एका आवारात मी तीन दिवस उभी राहून फक्त पिवळी चिकणमाती पाहिली, आणि "काही नाही" असा चार पानी अहवाल दिला. मालक वैतागले होते. काही वर्षांनी त्यांनी त्याच बाजूला खोली वाढवायला अर्ज केला, तेव्हा अधिकाऱ्याने नोंदवही उघडली, तो अहवाल वाचला आणि या वेळी अट घातलीच नाही. हे मला कळलं ते त्यांचा फोन आला म्हणून. तोही सकाळी साडेसातला, पण या वेळी मला यावं लागणार नव्हतं.