हौदातला मासा अचानक मेला? पाणी उपसण्याआधी या चुका टाळा

परसातल्या हौदात मासा मेलेला दिसला की बहुतेक घरांत ठरलेल्या क्रमाने हालचाली होतात. मासा उचलून टाकायचा, हौद उपसायचा, तळ घासायचा, नळाचं ताजं पाणी भरायचं आणि दुकानातून निळं औषध आणून ओतायचं. दोन दिवसांत उरलेले मासेही जातात आणि 'साथ आली होती' असं म्हणून विषय मिटतो. साथ बहुतेक वेळा आलेली नसते. पहिला मासा पाण्यातल्या एखाद्या बिघाडाने गेलेला असतो आणि पुढचे आपल्या घाईने. म्हणून आधी पाहायचं, मोजायचं, लिहून ठेवायचं आणि मग पाण्याला हात लावायचा.

याला अपवाद एकच. उरलेले मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडून हवा ओढत असतील तर तपास बाजूला ठेवा. एअर पंप लावा, कारंजं सुरू करा, काहीच नसेल तर बादलीने हौदातलंच पाणी उचलून उंचावरून पुन्हा त्यातच ओतत राहा.

मासा लगेच फेकून देणं

आपल्या हवेत मेलेला मासा फार लवकर बिघडतो. दोन-तीन तासांनी कल्ल्यांचा रंग उतरतो आणि मग त्यावरून काही सांगता येत नाही. म्हणून मासा दिसल्या दिसल्या हातमोजे घालून बाहेर काढा. बोटाला जखम असेल तर हातमोजे हवेतच, कारण माशांचे काही जिवाणू माणसाच्या त्वचेतही शिरतात. त्याआधी पंपाचं बटण बंद करायला विसरू नका, त्याचं कारण पुढे येईल.

मासा पांढऱ्या ताटलीत, उजेडात ठेवा आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढा. मग आगपेटीच्या काडीने कल्ल्यावरचं झाकण हलकेच उचला. आत लालभडक, सुट्या, ओल्या झालरी दिसल्या तर कल्ले बरे होते. रंग चॉकलेटी, वाळलेल्या रक्तासारखा असेल तर नायट्राइटचा, म्हणजे घाणीतल्या अमोनियापासून पाण्यात बनणाऱ्या विषाचा संशय घ्या. नायट्राइट रक्तात शिरलं की रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही आणि पाण्यात तो भरपूर असूनही मासा गुदमरतो. झालरींवर करडे-पांढरे कुजके ठिपके असतील तर जंतुसंसर्ग किंवा परजीवी. त्यावर चिखलाचा थर असेल तर गाळ ढवळला गेला होता. तोंड वासलेलं आणि कल्ल्यांची झाकणं ताठ उघडी राहिलेली असतील तर मासा गुदमरून गेला.

मग अंगाकडे वळा. खवले उभे राहून पोट फुगलेलं असेल तर आतले अवयव बरेच दिवस बिघडत होते, म्हणजे हा मृत्यू अचानक आलेला नाही, आपल्या लक्षात उशिरा आला. पराच्या बुडाशी चिकटलेली, बशीसारखी चपटी, पारदर्शक ऊ किंवा खवल्याखालून बाहेर आलेला दोऱ्यासारखा परजीवी नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. पाठीवर खोल भोक किंवा दोन्ही बाजूंना समोरासमोर ओरखडे म्हणजे चोचीचा घाव. ढोकरी दिवसा येते, रातबगळा अंधारात. दिवडीने (पाणसापाने) धरलेला लहान मासा सहसा सापडतच नाही. त्यामुळे मासे नुसतेच कमी होत असतील तर पाणी तपासण्याआधी हौदावर जाळी टाका.

मेलेल्याकडे पाहणं, जिवंतांकडे नाही

मला विचाराल तर या तपासात सर्वांत जास्त सांगतात ते वाचलेले मासे. किती मेले, कोणते मेले, लहान की मोठे आणि कोण मजेत फिरतंय, एवढं कागदावर लिहिलं तरी निम्मा उलगडा होतो.

मोठे कोई (शोभेचे रंगीत कार्प मासे) गेले आणि लहान मासे वाचले तर आधी प्राणवायूचा विचार करा. मोठ्या माशाला तो जास्त लागतो, त्यामुळे तो पहिला जातो. त्याच हौदात डासांसाठी सोडलेले गप्पी असतील तर तेही पाहा. गप्पीचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं. पाणी आणि हवा जिथे भेटतात तिथल्या पातळ थरातलं पाणी तो ओढून घेतो, आणि बाकी हौद गुदमरत असताना त्या थरात प्राणवायू शिल्लक असतो. मरळ, मागूर, गुरामी हे तर थेट हवा घेणारे. कोई आणि गोल्डफिश मेले पण गप्पी, गुरामी ठणठणीत आहेत, असं दिसलं तर प्राणवायू संपला होता, असं जवळजवळ खात्रीने म्हणता येतं.

उलट लहान मासे आधी गेले, गप्पीही गेले आणि पाण्यावर पळणारे किडे, चतुरांच्या अळ्याही मेलेल्या दिसल्या तर पाण्यात विष उतरलंय. गोगलगायी मेल्या असतील तर तांबं आठवा. आणि एकच मासा गेला, बाकी सगळे नेहमीसारखे खातपीत असतील, तर हौदाचं पाणी बदलायचं काहीच कारण नाही. म्हातारपण, मार किंवा त्या एका माशाचा आजार असू शकतो.

'रात्री तर सगळं ठीक होतं'

हे वाक्य जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो. ते खरंही असतं. पाणी हिरवंगार असलेल्या हौदात शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्री माशांबरोबर तेही तो वापरतं. पहाटे उजाडण्याआधी पातळी सर्वांत खाली जाते. 20 अंश तापमानाचं पाणी लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू धरू शकतं, 30 अंशांचं साडेसातच्या आसपास. म्हणजे उन्हाळ्यात मुळातच साठा कमी. पातळी 5 च्या वर असली तर मासे निर्धास्त असतात, 3 च्या खाली जीव धोक्यात.

आषाढ-श्रावणात दोन-चार दिवस सूर्य दिसत नाही तेव्हा दिवसाची भर पडतच नाही आणि रात्रीचा खर्च चालूच राहतो. त्यात रात्री लाइट गेली, पंप थांबला, संध्याकाळी पाहुण्यांच्या मुलांनी कौतुकाने मूठभर जास्त खाणं टाकलं होतं, तर पहाटे हौद रिकामा होतो. हिरवं पाणी एका दिवसात तपकिरी किंवा एकदम नितळ झालं असेल तर शेवाळ एकगठ्ठा मेलंय. ते कुजतानाही प्राणवायूच खातं.

यावर औषध नाही. माशांची संख्या कमी ठेवणं, ढगाळ दिवसांत खाणं निम्म्यावर आणणं किंवा बंद करणं आणि इन्व्हर्टरवर चालणारा एअर पंप बसवणं, एवढंच लागतं. कारंजं दिवसा शोभेसाठी चालवून रात्री बंद करणारे बरेच आहेत. माशांना त्याची खरी गरज रात्रीच असते.

सगळं पाणी एकदम बदलणं

पाणी बदलण्याआधी एका स्वच्छ बाटलीत काठोकाठ पाणी भरून झाकण लावून ठेवा. एकदा हौद उपसला की पुरावा गटारात गेला.

थेंबांची टेस्ट किट आणून अमोनिया, नायट्राइट आणि सामू (पीएच) हे तीन तरी मोजा. अमोनिया आणि सामू यांची सांगड घातल्याशिवाय दोन्ही आकडे अर्धवट आहेत. 25 अंश तापमानाला सामू 7 असेल तर एकूण अमोनियापैकी एक टक्काही विषारी रूपात नसतो, 8 ला साधारण 5 टक्के आणि 9 ला तब्बल एकतृतीयांशाहून जास्त. हिरव्या पाण्याचा सामू सकाळी साडेसात आणि दुपारी 9 असू शकतो. सकाळीच तपासून 'पाणी चांगलं आहे' असं म्हणणाऱ्याची इथे फसगत होते. दोन्ही वेळा मोजा. नव्या सिमेंटच्या हौदात चुना सुटत राहतो, तिथे सामू 9 च्याही पुढे जातो. असा हौद बरेचदा भरून, मुरवून, उपसून सामू स्थिर झाल्यावरच मासे सोडावेत.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि ते कल्ले जाळतं. उघड्या टाकीत दिवसभर उन्हात ठेवलेलं पाणी चालेल, नाहीतर अँटी-क्लोरीन घाला. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतं, पण ते जमिनीतून येताना प्राणवायू जवळजवळ आणत नाही, म्हणून ते उंचावरून, झारीसारखं फोडून सोडा. एका वेळी चौथा हिस्सा पाणी बदलणं पुरे. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, हौदाच्याच पाण्यात पिळा. अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात राहतात. आणि तळाचा काळा गाळ मासे आत असताना ढवळू नका. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर तो वायू माशांना मारतो.

हौदाबाहेर काय घडलं ते न आठवणं

मागच्या तीन दिवसांची घरातली कामं आठवा. डेंग्यूसाठी गल्लीत धुरफवारणी झाली का? घरात वाळवीचं काम निघालं होतं का? अंगणातल्या फरशा ॲसिडने धुतल्या का? शेजारच्या बागेत फवारणी झाली आणि वारा आपल्याकडे होता का? डास-झुरळांच्या औषधांमधली काही रसायनं माणसाला सौम्य असली तरी माशांसाठी अगदी थोड्या मात्रेतही घातक असतात. फवारणीची वर्दी मिळाली तर हौद प्लास्टिकने झाका आणि बाहेरची हवा आत खेचणारा एअर पंप तेवढा वेळ बंद ठेवा.

शेवाळ मारायला मोरचूद (तांब्याचा क्षार) टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. पाणी मऊ असेल तर शेवाळाबरोबर मासेही जातात.

गणपतीनंतर हौदात मासे मेल्याच्या तक्रारी येतात, त्यात दोन गोष्टी असतात. शाडूची मूर्ती माशांच्या हौदातच विरघळवली तर बारीक माती कल्ल्यांत अडकते. दुसरी जास्त घातक. प्लास्टरची मूर्ती विरघळवण्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत घरोघरी पोचली आहे. त्यातून उरलेलं पाणी झाडांना पातळ करून घालतात. ते कुंड्यांतून ओघळून हौदात गेलं तर तो अमोनियाचा थेट डोस आहे. विसर्जनाची बादली हौदापासून लांब ठेवा.

आता पंपाचं कारण. माशाचा कणा वाकलेला किंवा मोडलेला, त्याभोवती रक्त साकळलेलं दिसलं तर पंपातून वीज पाण्यात उतरत असल्याचा संशय घ्या. इथे धोका माणसाला आहे. मेन स्विच बंद केल्याशिवाय हात घालू नका, आणि त्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच) नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून आजच बसवून घ्या.

अंदाजाने औषध आणि घाईने नवा मासा

निदान नसताना घातलेलं अँटिबायोटिक फिल्टरमधल्या जिवाणूंनाही मारू शकतं आणि आठवड्याने अमोनिया वाढून दुसरी फेरी सुरू होते. परजीवींवर वापरलं जाणारं फॉर्मेलिन पाण्यातला प्राणवायू कमी करतं, म्हणजे गुदमरलेल्या हौदात ते घालणं उलटंच. नायट्राइट निघालं तर मात्र साधं खडे मीठ खरंच उपयोगी पडतं. 1000 लिटरला 1 किलो, विरघळवून, दिवसभरात थोडं थोडं. त्यासाठी हौदात पाणी किती हे माहीत हवं. लांबी, रुंदी, खोली फुटांत मोजून गुणा आणि त्याला 28 ने गुणा, लिटर मिळतील.

गेलेल्या माशाच्या जागी त्याच आठवड्यात नवा आणू नका. नव्याला निदान तीन-चार आठवडे वेगळ्या टबात, वेगळ्या जाळीने सांभाळा. फक्त कोई मरतायत, एकामागून एक, डोळे खोल गेलेत, कल्ल्यांवर लाल-पांढरे चट्टे आहेत आणि त्याच पाण्यातले गोल्डफिश धडधाकट आहेत, असं असेल तर कोईंच्या हर्पीस विषाणूची शंका घ्यावी लागते. अशा वेळी त्या हौदातला मासा, झाड, जाळी, पाणी काहीही बाहेर कोणाला देऊ नका.

तपासणीसाठी मेलेल्यापेक्षा मरणाला टेकलेला मासा जास्त उपयोगी. मेलेलाच द्यायचा असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत घाला आणि पिशवीभोवती बर्फ ठेवा. फ्रीजरमध्ये गोठवू नका, पेशी फुटतात. सोबत पाण्याची बाटली, फोटो आणि नोंदींचा तो कागद द्या. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आणि रत्नागिरी, नागपूर, उदगीर इथली मत्स्य महाविद्यालयं या कामातली जाणकार ठिकाणं आहेत. नमुना घेऊन निघण्याआधी फोन करून घ्या. केंद्र सरकारने 2023 मध्ये आणलेल्या 'रिपोर्ट फिश डिसीज' या ॲपवरही माशांच्या आजाराची माहिती कळवता येते.