कंसात वर्गमूळ आलं की आधी लहान करा, मग गुणा

नववीच्या गणितात कंसात वर्गमूळ दिसलं की मुलं लगेच गुणायला धावतात आणि गणित उगाच लांबतं. माझं एकच सांगणं आहे, कंस सोडवायच्या आधी मुळाखालची संख्या लहान होते का बघा. (गोव्यात डिचोलीत माझ्याकडे ट्यूशनला येतात ती मुलं चौथीपर्यंत मराठीत शिकून पुढे इंग्रजीत गणित करतात, त्यामुळे √३ सारख्या मूळ पूर्ण न सुटणाऱ्या संख्येला पुस्तकात सर्ड आणि घरी आई-बाबांच्या तोंडी करणी, पण गोष्ट एकच.)

लहान कसं करायचं? मुळाखालच्या संख्येला ४, ९, १६, २५, ३६ यातल्या कशाने भाग जातो का बघायचं. १२ म्हणजे ४×३, ४ चं मूळ २, म्हणून √१२ = २√३. ७२ ला बरीच मुलं ९×८ करून ३√८ वर थांबतात, पण ८ मध्ये अजून ४ आहे ना! सगळ्यात मोठा वर्ग शोधा, ३६×२, एका फटक्यात ६√२.

आता हे बघा:
(३ + √१२)(२ − √३)
आधी √१२ बदला: (३ + २√३)(२ − √३)
पहिल्या कंसातल्या प्रत्येक पदाने दुसऱ्यातलं प्रत्येक पद गुणा, चार पदं यायलाच हवीत: ६ − ३√३ + ४√३ − ६
शेवटचं ६ कुठून आलं? २√३ × √३, म्हणजे २×३, कारण √३ ला √३ ने गुणलं की मूळच जातं. दोन्ही ६ उडाले, उरलं फक्त √३. एवढ्या मोठ्या कंसातून एवढंसं उत्तर, मला हे गणित फार आवडतं.

बेरीज-वजाबाकी फक्त मुळाखाली तीच संख्या असेल तरच. ६ + ५√२ चे ११√२ होत नाहीत, ते तसंच ठेवायचं, तेच उत्तर.

सगळ्यात जास्त मार्क जातात ते कंसाचा वर्ग करताना. (√५ + √२)² म्हणजे ५ + २ = ७ नाही, मधलं पद विसरायचं नाही: ५ + २√१० + २ = ७ + २√१०. मूळ गुणाकारावर वाटता येतं, बेरजेवर नाही, √(९+१६) म्हणजे √२५ = ५, आणि वेगळं केलंत तर ३+४ = ७, मग कसं जमणार?

पण (√८ + √१८)² आलं तर सूत्रसुद्धा लागत नाही, २√२ + ३√२ = ५√२, वर्ग ५०, संपलं. आधी लहान करा म्हणते ते यासाठीच.

(√७ + २)(√७ − २) असं एकच चिन्ह बदललेलं दिसलं तर मधली पदं आपोआप जातात, ७ − ४ = ३. पुढे छेदातलं मूळ काढायला हेच लागतं, पक्कं करून ठेवा.

उत्तराची खात्री नसेल तर √२ ला १.४१४ आणि √३ ला १.७३२ धरून दोन्ही बाजू मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर टाका, दशांशात थोडाच फरक आला तर बरोबर.

हे एक स्वतः करा: (√२७ − २)(√३ + १). उत्तर ७ + √३ यायला पाहिजे, नाही आलं तर √२७ लहान केलं का ते आधी बघा.