८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर तीन-चार एआय मॉडेल्स एकत्र कशी चालवायची

समजा सोसायटीच्या ग्रुपवर मेंबर लोक व्हॉइस नोट टाकतात, 'अहो सेक्रेटरी, तिसऱ्या मजल्यावर परत लिकेज सुरू झालंय, जरा बघा की', आणि तुम्हाला त्यातून लेखी तक्रार करायची, ती प्लंबिंगची की लिफ्टची की पार्किंगची ते ठरवायचं, मग रीतसर उत्तराचा मसुदा काढायचा आणि महिनाअखेरीस मीटिंगसाठी गोषवारा पण. ऑनलाइन सर्व्हिसला लोकांचे आवाज द्यायचे नाहीत, म्हणजे सगळं घरच्याच लॅपटॉपवर. बहुतेक जण काय करतात तर प्रत्येक कामाला वेगळं मॉडेल उतरवून घेतात, सगळी एकदम चालू करतात आणि मग लॅपटॉप हँग होऊन बसतो.

आधी हिशोब करा, तो दोन मिनिटांचा आहे. मॉडेलचे पॅरामीटर (त्याने शिकलेले आकडे, यांनाच वजनं म्हणतात) गुणिले दर आकड्याचे बिट भागिले ८, एवढे बाइट लागतात. उदाहरणाला गुगलचं जेम्मा २ घेऊ, २०२४ मधलं, नावात २ बी असलं तरी पॅरामीटर खरे २.६ अब्ज आहेत. १६ बिटला हे ५ जीबीच्या वर जातं, ४ बिटला क्वांटाइझ केलेली, म्हणजे आकडे कमी बिटांत बसवलेली, फाइल १.७ जीबीच्या आसपास येते (काही भाग जास्त बिटला ठेवतात म्हणून हिशोबाच्या १.३ पेक्षा मोठी). मराठीसाठी हे घ्यायचं आणखी एक कारण म्हणजे याच्या टोकनायझरचा (मजकुराचे टोकन म्हणजे तुकडे करणारा भाग) शब्दसंग्रह अडीच लाखांच्या वर आहे, त्यामुळे देवनागरीचे फार बारीक तुकडे पडत नाहीत, नाहीतर काही मॉडेल्समध्ये एकेका मराठी शब्दाला इतके टोकन जातात की कॉन्टेक्स्ट, म्हणजे मॉडेल एकावेळी डोळ्यासमोर ठेवू शकतं तेवढा मजकूर, बघता बघता भरतो.

आणि कॉन्टेक्स्ट फुकट नसतो हे लोक विसरतात. प्रत्येक टोकनमागे केव्ही कॅशे (वाचलेल्या मजकुराची साठवण) म्हणून मेमरी जाते, या मॉडेलला साधारण १०४ केबी, म्हणजे ४०९६ टोकनला ४०० एमबीच्या थोडं वर. लामा २ चं ७ बी मॉडेल घेतलंत तर तेवढ्याच कॉन्टेक्स्टला २ जीबी जातात, वजनं वेगळीच! म्हणून तक्रारीपुरता कॉन्टेक्स्ट ठेवा, उगाच ३२ हजार लावू नका, आणि मॉडेल चालवणाऱ्या सर्व्हरमध्ये (हाही लॅपटॉपवरचाच प्रोग्रॅम) एकावेळी एकच रिक्वेस्ट ठेवा, घरच्या कामाला समांतर स्लॉट कशाला हवेत.

आता मुख्य गोष्ट. वर्गीकरण, उत्तर आणि गोषवारा यांना तीन फाइनट्यून केलेली (त्या कामासाठी आणखी शिकवलेली) अख्खी मॉडेल्स ठेवलीत तर नुसती वजनंच ५ जीबीच्या वर जातात. त्याऐवजी बेस, म्हणजे मूळ मॉडेल, एकच ठेवा आणि प्रत्येक कामाचा लोरा ॲडॅप्टर वेगळा. लोरा ही २०२१ मधली पद्धत, मूळ वजनांना हात न लावता बाजूला दोन सडपातळ मॅट्रिक्स (आकड्यांचे तक्ते) शिकवायच्या. या बेसवर रँक १६ चा (रँक म्हणजे त्या मॅट्रिक्सची रुंदी) ॲडॅप्टर मॉडेलच्या सगळ्या लिनिअर लेयरना लावला तरी तो ४० एमबीच्या आसपास भरतो, तीन घेतले तरी सव्वाशे. ॲपलनेही २०२४ मध्ये फोनसाठी हेच केलं, अंदाजे ३ अब्जांचा एक बेस आणि कामागणिक बदलणारे ॲडॅप्टर.

लामा डॉट सीपीपी या घरच्या मशीनवर मॉडेल चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या सर्व्हरला सुरू करतानाच तिन्ही ॲडॅप्टर देता येतात आणि रिक्वेस्टगणिक एकाचं स्केल १, बाकीच्यांचं ० असं सांगता येतं, बेस परत लोड होत नाही. ॲडॅप्टर मात्र नेमक्या त्याच बेसवर शिकवलेला पाहिजे, इन्स्ट्रक्ट (सूचना पाळायला शिकवलेल्या) मॉडेलचा साध्याला लावलात तर तक्रार न करता चालेल पण उत्तरं गंडतील. शिकवणं या लॅपटॉपवर व्हायचं नाही, ते गुगलच्या ऑनलाइन कोलॅबमधल्या १६ जीबीच्या टी४ ग्राफिक्स कार्डवर क्यूलोराने (बेस ४ बिटला ठेवून लोरा शिकवणं) होतं. तिथे सोसायटीचा खरा डेटा चढवू नका, नाव-फ्लॅट नंबर काढून किंवा स्वतः लिहिलेल्या नमुन्यांवर शिकवा.

वर्गीकरणाला ॲडॅप्टर हवाच का हेही तपासा. आउटपुटवर ग्रामर (काय लिहिता येईल याचे नियम) लावून 'पाणी, लिफ्ट, पार्किंग, मेंटेनन्स, इतर' एवढेच शब्द येऊ दिले तर साध्या प्रॉम्प्टवरही काम भागू शकतं, माझं मत विचाराल तर आधी हेच करून बघा.

आवाजाचं मॉडेल वेगळं, त्याला बेस शेअर करता येत नाही. आवाजाचा मजकूर करणारं व्हिस्पर घ्या, ते चालवणाऱ्या व्हिस्पर डॉट सीपीपीमध्ये त्याच्या स्मॉल आकाराला साधारण ८५० एमबी लागतात, मीडियमला २.१ जीबी. मराठीला स्मॉल कच्चं पडतं, पण मीडियम आणि जेम्मा दोन्ही एकदम उघडे ठेवले की ब्राउझरसकट ८ जीबीची ओढाताण होते. मग क्रम बदला. एकच शेगडी असली की आपण एकेकाचं पूर्ण ताट करत नाही, आधी सगळ्यांच्या पोळ्या उरकतो, तसं आधी सगळ्या व्हॉइस नोटांचा मजकूर काढून फाइलमध्ये टाका, व्हिस्पर बंद करा, मग जेम्मा उघडून सगळ्यांचं वर्गीकरण, मग सगळ्यांची उत्तरं. आता मेमरी दोघांच्या बेरजेएवढी न लागता त्यातल्या मोठ्या टप्प्याएवढीच लागते, म्हणून मीडियम परवडतं. दुसरा फायदा, ॲडॅप्टर बदलला की आधीचा केव्ही कॅशे निरुपयोगी होतो, प्रॉम्प्ट परत वाचावा लागतो, तो खर्च दर नोटेला न होता एकेकदाच होतो. लामा डॉट सीपीपीऐवजी ओलामा हा तसाच प्रोग्रॅम वापरत असाल तर मॉडेल काम संपल्यावर पाच मिनिटं मेमरीत बसून राहतं, कीप अलाइव्ह ही सेटिंग ० केली की लगेच उतरतं.

व्हिस्परला सुरुवातीच्या प्रॉम्प्टमध्ये 'लिकेज, सिंकिंग फंड, ओसी, कन्व्हेयन्स' असे सोसायटीतले शब्द देऊन ठेवा, मदत होते.

मिक्स्ट्रलसारख्या, म्हणजे दर टोकनला आपले थोडेच भाग चालवणाऱ्या, मॉडेलच्या नादी लागू नका, दर टोकनला १२.९ अब्ज पॅरामीटरच वापरतं हे खरं पण मेमरीत सगळे ४६.७ अब्ज बसवावे लागतात, तिथे वाचतो तो वेळ. ॲडॅप्टर एकमेकांत मर्ज करून एकच करता येतो, पण ८० एमबी वाचवायला कामाचा दर्जा कशाला पणाला लावायचा.

सगळं जुळलं की ग्रुपवरची सगळ्यात लांब व्हॉइस नोट घ्या, ब्राउझर उघडा ठेवून पूर्ण साखळी चालवा आणि मेमरीचा सर्वोच्च आकडा कुठल्या टप्प्याला जातो ते बघा. लिनक्सवर नुसता फ्री आकडा पाहून घाबरू नका, लामा डॉट सीपीपी फाइल एममॅप करतं (डिस्कवरूनच मेमरीशी जोडतं) त्यामुळे बरीच मेमरी कॅशेमध्ये दिसते, अव्हेलेबलचा आकडा बघायचा. स्वॅप (रॅम कमी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा) हलायला लागलं तर आधी कॉन्टेक्स्ट कमी करा, मग केव्ही कॅशे ८ बिटवर आणा, आणि तरीही नाही भागलं तरच लहान मॉडेलकडे वळा.