फँटसी फुटबॉलची गुणमोजणी : या चुका टाळा

जळगावात आम्हा नऊ मित्रांची फँटसी प्रीमियर लीगमध्ये (इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधील खेळाडूंचा आपला संघ निवडून त्यांच्या खऱ्या सामन्यांतील कामगिरीवर गुण मिळवण्याचा ऑनलाइन खेळ) एक खासगी लीग आहे आणि सामने आटोपले की तिच्यात हमखास एक तक्रार येते : "माझ्या बचावपटूच्या संघाने एकही गोल खाल्ला नाही, तरी त्याला एकच गुण कसा?" उत्तर बहुधा मिनिटांत सापडते. 60 मिनिटांपेक्षा कमी खेळल्यास 1 गुण, 60 किंवा अधिक खेळल्यास 2, आणि क्लीन शीटचे, म्हणजे गोल न खाल्ल्याचे, 4 गुणही 60 मिनिटे पूर्ण झाली तरच. भरपाईची वेळ यात धरली जात नाही. त्यामुळे 58व्या मिनिटाला बाहेर आलेल्या बचावपटूला 6 ऐवजी 1 गुण मिळतो. 70व्या मिनिटाला 0-0 असताना बाहेर आलेल्याचे 4 गुण मात्र संघाने नंतर गोल खाल्ला तरी टिकतात. लाल कार्ड मिळालेल्याला ही सवलत नाही, त्याच्यामागे झालेले गोलही त्याच्याच खात्यात पडतात.

दुसरी चूक मैदानावरची जागा पाहून गुण धरण्याची. गोलचे गुण खेळाच्या यादीत खेळाडूची नोंद कुठल्या फळीत आहे यावर ठरतात : बचावपटूला 6, मधल्या फळीतील खेळाडूला 5, आघाडीच्या खेळाडूला 4. मधल्या फळीत नोंदलेला खेळाडू दिवसभर आघाडीवर खेळला, तरी त्याच्या गोलला 5च मिळणार. खरे तर स्वस्तात गुण मिळवायचे असतील तर असेच खेळाडू शोधावेत. 2025-26पासून बचावाच्या कामाचे (टॅकल करणे, चेंडू अडवणे किंवा दूर मारणे वगैरे) 2 गुण मिळतात, तिथेही हाच घोळ होतो. बचावपटूला अशा 10 कृती लागतात आणि त्यांत सैल चेंडू परत मिळवणे मोजत नाहीत. मधल्या व आघाडीच्या फळीला 12 लागतात, पण त्यांच्यासाठी ते मोजतात.

आपण नेमलेल्या कर्णधाराचे गुण दुप्पट होतात; त्याबाबत मी स्वतः पोळलो आहे. डिसेंबरातल्या एका शनिवारी मळ्यात भरताची पार्टी होती, वांगी काट्यांवर भाजत होती आणि माझा कर्णधार त्याच्या खऱ्या संघाच्या राखीव बाकावर होता. तो खेळला नसता, तर उपकर्णधाराचे गुण दुप्पट झाले असते. तो 89व्या मिनिटाला उतरला, 1 गुणाचे 2 झाले आणि उपकर्णधाराने केलेला गोल एकेरीच राहिला. कर्णधार शून्य मिनिटे खेळला, तरच उपकर्णधाराची पाळी येते.

संघ बदलण्याची मुदत फेरीच्या पहिल्या सामन्याच्या 90 मिनिटे आधी संपते. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी साडेबाराचा सामना पहिला असेल, तर ती आपल्याकडे त्यांच्या उन्हाळी वेळेत साडेतीनला आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळे मागे गेली की साडेचारला. फसगत होते ती मार्चअखेर, कारण हिवाळाभर मिळालेला तास गुपचूप परत जातो. पहिला सामना शुक्रवारी रात्री असेल, तर शनिवारी संघ बदलायला बसणाऱ्याचे काम आदल्या रात्रीच संपलेले असते.

आणि रविवारी रात्री बेरीज कमी दिसली म्हणून लगेच तक्रार करू नये. न खेळलेल्याच्या जागी राखीव खेळाडू फेरीतील सर्व सामने संपल्यावरच, आपण लावलेल्या बाकावरच्या क्रमाने आत येतो, आणि तेही संघात किमान तीन बचावपटू उरत असतील तरच. त्यामुळे सोमवारचा सामना बाकी असेल, तर बाकावरच्या खेळाडूचे 9 गुण मंगळवारी सकाळपर्यंत बाहेरच दिसू शकतात.